भुऱ्यासाठी घरची बिस्किटं करायची आहेत, ओव्हन नाही, कुकरात फसली

वावरवाली (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)
११ जुलै, रात्री ९:५०

मंडळी, हा धागा पाककृतीत टाकू की पाळीव प्राण्यांत, यातच दहा मिनिटं गेली. शेवटी इथं टाकते. अ‍ॅडमिननी हवा तर हलवावा.

आमचा भुऱ्या चार वर्षांचा, गावठी, अंगानं सडपातळ. परवा बियाण्याचं पोतं मोजायच्या काट्यावर त्याला बसवला तर १५ किलो भरला. दिवसभर छपरीत लोळतो आणि रात्री ह्यांच्यासोबत वावरात जागलीला जातो. आत्ता सोयाबीन चार पानांवर आहे, रोह्यांना (नीलगायींना) हेच कोवळं पान लागतं. डुकरं वेगळीच. निम्मं वावर भुऱ्याच्या गळ्यावर उभं आहे म्हणा ना.

खाणं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर ताकात कुस्करून, आठवड्यातून तीन-चार अंडी. पण पोरानं त्याला पाच रुपयेवाल्या ग्लुकोज बिस्किटांची चटक लावली. शाळेतून आला की पुडा फोडतो, एक स्वतःला आणि दोन भुऱ्याला. आता भुऱ्या दप्तराचा वास घेतो आणि माझ्या हातची भाकर हुंगून पुढं जातो. रेबीजची लस द्यायला आले होते त्या डॉक्टरांनी दात पाहून विचारलं, "याला गोड कोण देतं?" पोरगं माझ्या मागं लपलं.

मग तालुक्याच्या एका दुकानातून कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा आणला. फोडला तर आतून भुंगे. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणे, कुत्र्याला काय कळते. म्हटलं, घरीच करू.

गेल्या रविवारी केली. कणीक, गूळ, फल्लीदाण्याचा कूट, थोडं दूध. जुना कुकर, शिट्टी आणि रिंग काढलेली, तळाशी मीठ, त्यावर ताटली, सगळं व्हिडिओत होतं तस्संच. खालून कोळसा झाली, आतून गिच्च राहिली. तरी जीव तुटतो ना टाकायला, डब्यात भरून ठेवली. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर हिरवी-पांढरी लव. उकिरड्यावर फेकली आणि भुऱ्या मागच्या वाटेनं जाऊन किती खाऊन आला देव जाणे. रात्री दोनदा ओकला. सकाळी बरा होता.

ओव्हनशिवाय ही आतपर्यंत वाळवायची कशी? पावसाळ्यात टिकतात तरी का? आणि यात काय घालू नये, ते कुणी नीट सांगेल का? व्हिडिओवाल्या बाईनं वर चॉकलेट सॉस ओतला होता, तेव्हाच मला शंका आली होती.

इच्याबीन_बंड्या
११ जुलै, रात्री १०:१५

आमच्या इथं मानसाले टायमावर टोस भेटत नाई अन् तुमी कुत्र्याले बेकरी काढून रायल्या. वैनी, एक जागा खाली हाये का पाहा. मी बी येतो जागलीले. भुकतो बी.

मूळची_वर्ध्याची (हल्ली पुणे)
१२ जुलै, सकाळी ७:३०

वावरवालीताई, आधी गूळ काढा. कुत्र्याला त्याची गरज नाही हे एक, पण तुमची बिस्किटं बिघडली ती मुख्यतः गुळामुळेच. गूळ लवकर करपतो, म्हणून खालची बाजू काळी झाली. आणि तो ओल धरून ठेवतो, म्हणून आतून गिच्च. दुधानं त्यात भर घातली. खालून जळतंय म्हणून आपण आच बंद करतो, आत पाणी तसंच राहतं, आणि बुरशीला काय, पावसाळ्यात निमंत्रणच लागत नाही.

मी दोन वर्षांपासून आमच्या राणीसाठी करते. माप असं: ज्वारीचं पीठ २५० ग्रॅम, गव्हाचं १२० ग्रॅम, शिजवून पाणी निथळलेलं लाल भोपळ्याचं (आपलं कोहळं हो!) गर २०० ग्रॅम, एक अंडं, दोन चमचे दाण्याचा कूट. मीठ, साखर, सोडा काहीही नाही. नुसत्या ज्वारीची केली तर भुगा होतो, कारण ज्वारीला चिकटपणा नाही. म्हणून ज्वारीचं पीठ भाकरीला घेतो तसं आधणाच्या पाण्यात थोडं उकडून घ्यायचं, कोमट झालं की गहू आणि अंडं. अंडं गरम उकडीत फोडलंत तर तिथंच त्याची भुर्जी होते, माझी झाली आहे. घट्ट मळायचं. अर्ध्या बोटाच्या जाडीची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे. १७० अंशांवर अर्धा तास, मग उष्णता १०० वर आणून तासभर, मग ओव्हन बंद करून दार न उघडता रात्रभर आतच.

हा दुसरा टप्पा म्हणजेच सगळं काही. मी एकदा वजन केलं होतं. कणीक ७०० ग्रॅमच्या आसपास भरली, बिस्किटं निघाली ४२० ग्रॅम. म्हणजे पाव किलोहून जास्त पाणी उडालं. वजन एवढं उतरलं नसेल तर डब्यात भरू नका.

जाता जाता एक गंमत. कुत्र्याचं बिस्किट विकायची कल्पना जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाची. १८६० च्या सुमारास हा लंडनला गेला होता विजेपासून घर वाचवणारे धातूचे दांडे विकायला. गोदीत त्यानं पाहिलं, खलाशांची कडक जहाजी बिस्किटं फेकलेली होती आणि कुत्री ती कडाकडा फोडत होती. दांडे राहिले बाजूला, यानं गहू, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांचे 'केक' काढले. त्याच्याकडे कामाला असलेल्या चार्ल्स क्रफ्टनं पुढे १८९१ मध्ये लंडनचा तो प्रसिद्ध श्वानमेळा सुरू केला. तर मूळ माल काय, पीठ-पाण्याचं, दोनदा भाजलेलं, महिनोन्‌महिने टिकणारं जहाजावरचं बिस्किट. चव नव्हे, कोरडेपणा.

इच्याबीन_बंड्या
१२ जुलै, सकाळी ८:०५

विजेचे दांडे इकायचे सोडून गेला तो? आमच्या वावरात पाठवा त्याले, इथं लय गरज हाये.

वावरवाली
१२ जुलै, दुपारी २:१०

ताई, अगदी तस्संच झालं, आच बंद केली ती जळक्या वासानं. कोहळी तर माळ्यावर चार पडली आहेत, बोंडं करून करून सगळे कंटाळले. ज्वारी घरची. ओव्हन तेवढा नाही. घ्यायचा म्हटलं तरी आमच्याकडे लाइन जाते ती रात्रीच, मग तुमचं 'रात्रभर आत' कसं जमायचं? कुकर पुन्हा लावायची हिंमत नाही, सासूबाई तो कुकर घासताना जे बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही.

रोडगेवाला (परतवाडा)
१२ जुलै, रात्री ९:२०

ताई, कुकर-फिकर सोडा. तुमच्या कोठ्यात गोवऱ्या हायेत ना? मंग ओव्हन हाये.

मारुतीच्या रोडग्याची (गोवरीच्या इस्तवात भाजलेल्या कनकेच्या गोळ्याची) पंगत तुमच्या गावात बी होतच असन. शंभर-दीडशे मानसाचे रोडगे एका आरात निंगतेत, एक बी कच्चा नसते. काऊन? कारन आपन जाळावर भाजत नाई, आरावर भाजतो. तुमच्या कुकराले खालून एकच जाळ होता. गोवरीचा आर चहूबाजूनं सारका लागते अन् हळू लागते.

कुत्र्यासाठी रोडगा नोका करू, तो जाड असते, आत पुड घालून तेल लावा लागते. पानगे करा. वर्धेवाल्या ताईनं सांगतलं तेच पीठ घ्या, फक्त गहू जाडसर दळून आना, रोडग्याले दळतो तसा. तळहाताएवढा, अर्ध्या बोटाचा चपटा पानगा थापा. आता पळसाले नवी पानं हायेत, खालून एक वरून एक. गोवऱ्या पयले पुऱ्या जळू द्या. धूर बंद झाला, वरून राख धरली, आतून लाल दिसून रायलं, तवा आर झाला. थोडा आर बाजूले सारून खाली पानगे मांडा, वरून बाकीचा आर पसरा. दहा मिनिटानं एक काढून पाहा. पान काळं पडून सुटलं पाह्यजे. मंग पलटी. मधात काडी टोचा, काडी कोरडी निंगाली का झालं.

हे झालं अर्धं काम. मानसाले असा पानगा वांग्याच्या भाजीसंगं चालते, कुत्र्याच्या डब्यात चालत नाई. थंडा झाल्यावर पान सोला, राख झटका, सुरीनं शंकरपाळे कापा. तवरीक आर मंद झाला असन. त्याच्यावर दोन बोटं राख ओढा, राखेवर दोन इटा, इटावर लोखंडी चाळनी, चाळनीत तुकडे, अन् सगळ्यावर घमेलं पालथं. झोपा. सकाळी उठून पाहा. ताईचं 'दार न उघडता रात्रभर' ते हेच, लाइनीची भानगड नाई.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पऱ्हाटीच्या (वाळल्या कपाशीच्या) इस्तवावर करू नोका. एक तं ते भडकते, आर धरत नाई, अन् दुसरं म्हंजे त्याच्यावर वर्सभर फवारे मारले असतेत. अन् घमेल्याची एक बाजू खड्यावर टेकवून बोटभर उचलून ठेवा, वाफ कुठून तरी गेली पाह्यजे. मी पयल्या बारीले घमेलं गच्च दाबलं, सकाळी तुकडे घामेजून बसले होते.

आमच्या घरी माही आजी हे करे. कुत्र्यासाठी म्हनून नाई, उरलेले रोडगे वाळवून ठेवे अन् राखनीच्या कुत्र्याले एक एक फेके. बिस्कुट शब्द तिले मालूम नव्हता.

धानाच्या_बांधीत (गोंदिया)
१३ जुलै, सकाळी १०:४०

आमच्याकडे ज्वारी विकत, तांदूळ घरचा. तांदळाचं पीठ चालेल का? आणि तळ्यातली बारीक मासळी उकडून घातली तर? सुकी मासळीही असते घरात. शिवाय एक विचारायचं होतं, मोहफुलं वाळवलेली आहेत दोन पायल्या. गोड आहेत, कुत्रा झाडाखालची वेचून खातोच. पिठात घातली तर साखरेऐवजी काम होईल?

गुराढोरांचा_डॉक्टर (अकोला, सेवानिवृत्त)
१३ जुलै, रात्री ८:५५

धागा उशिरा दिसला. वावरवालीताई, पहिला प्रश्न: बुरशीची बिस्किटं खाल्ल्यावर भुऱ्या थरथरत होता का? पाय ताठ, झोकांड्या, अंग कापणं? काही बुरशींच्या विषानं कुत्र्याला झटके येतात. नुसता ओकून मोकळा झाला असेल तर थोडक्यात सुटला. पुढच्या वेळी खराब माल उकिरड्यावर नाही, जमिनीत हातभर खोल पुरा किंवा जाळा. उकिरडा हे कुत्र्याचं ताटच आहे.

बुरशीचा विषय निघालाच आहे तर कुटाबद्दल आधी बोलतो. सगळे चॉकलेट-चॉकलेट करतात, आपल्या भागात माझ्या मते जास्त भीती खवट, काळपट, सुरकुतलेल्या फल्लीदाण्यांची. शेंगदाणा आणि मका ओलीत राहिला की त्यावर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे विष यकृत खातं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. गृहिणी काय करते, चांगले दाणे चटणीला, निवडून काढलेले कुत्र्याला. नेमकं उलटं. जो दाणा तुम्ही तोंडात टाकणार नाही तो कुटात जायला नको.

आता बाकीचं. कांदा, लसूण, कांद्याची पात, कच्चं असो की शिजवलेलं, नको. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. "आमचं कुत्रं सावजी रस्सा पिऊन दहा वर्षं जगलं" असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आकडा देतो: कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागं १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात फरक दिसू लागतो. भुऱ्याच्या १५ किलोला सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे मोठे दोन कांदे. एका बैठकीत तेवढं जात नाही, पण रोज थोडं थोडं गेलं तरी साचत जातं, आणि मग मालक म्हणतो, साहेब, कुत्रं हल्ली धापते.

चॉकलेट आणि कोको पावडर नको, त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. द्राक्षं, मनुका, बेदाणे नकोत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. यामागचं कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१-२२ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि त्यांच्या नोंदींत चिंच खाऊन आजारी पडलेली कुत्रीही होती. आपल्या घरात मनुका दिवाळीला येतात, चिंच बारा महिने असते. चिंचेचं पाणी, चिंच-गुळाची आमटी कुत्र्याच्या भाकरीवर ओतू नका.

शहरातून कुणी पीनट बटर आणलं तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का पाहा. साखर नसलेल्या काही पदार्थांत गोडीसाठी ते असतं. माणसाला काही होत नाही, कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते. दाणे भाजून पाट्यावर वाटले की झालं काम, बटर कशाला?

सोयाबीन पिकवणारे लोक आहात, त्याचं पीठ घालायचा मोह होईल. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, नीट शिजल्यावर तो जातो. पूर्ण शिजवून, वाटून, मूठभर. नाहीतर रात्री जागलीला भुऱ्याजवळ बसवणार नाही. दूध वयानं मोठ्या बहुतेक कुत्र्यांना पचत नाही. ताक-दही त्या मानानं बरं, भुऱ्याचं ताक चालू ठेवा. तूप-तेल जपून, फार चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते.

गोंदियाकरांना: तांदूळ चालतो, पण त्यालाही चिकटपणा नाही, अंडं किंवा मासळीचा गर लागेल. मासळी उकडून काटे काढून. सुकी मासळी खारवलेली असेल तर नको, पाणी बदलून बदलून भिजवली तरी बरंच मीठ राहतं. मोहफुलं नकोत. वाळलेलं फूल ओल लागली की आंबायला लागतं, आंबलं की दारू, आणि ती कुत्र्याच्या पोटात थोडीही जास्त होते. तसंच यीस्ट घातलेली कच्ची कणीक. ती पोटातही फुगत राहते आणि आंबते.

शेवटचं, किती द्यायची. १५ किलोच्या धडधाकट कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापुढं जाऊ नये. वर्ध्याच्या ताईंच्या मापानं एक ग्रॅम बिस्किटात साडेतीन किलोकॅलरीच्या आसपास येतात. म्हणजे पाच-पाच ग्रॅमचे चार तुकडे, बास. रात्रभर पळणाऱ्याला पाचवा दिला तर मी पाहिलं नाही असं समजेन.

इच्याबीन_बंड्या
१३ जुलै, रात्री ९:४०

डॉक्टरसाहेब, मस्करी बाजूले. घरी सरकीची ढेप (पेंड) हाये. गाईच्या ढेपेत ताकत रायते म्हनतेत. मुठभर ढेप पिठात टाकली तं?

गुराढोरांचा_डॉक्टर
१३ जुलै, रात्री १०:१०

बरं झालं विचारलंत. नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाय-म्हैस रवंथ करणारी, तिच्या पोटात त्यातलं बरंचसं बांधलं जातं आणि तिला मापात ढेप सोसते. कुत्र्याचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं. त्याच्यात ते साचतं आणि हृदयावर येतं. नोकरीत असताना एक राखणीचं कुत्रं आणलं होतं माझ्याकडे, पोट पाण्यानं भरलेलं, दम लागलेला. विषबाधा म्हणून आणलं, साप म्हणून आणलं, सगळं विचारून झालं. मग मालकाचा लहान मुलगा म्हणाला, तो रोज गाईच्या टोपल्यात तोंड घालते. हेच कारण होतं असं छातीठोक सांगत नाही, पण तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, ढेपेचं पोतं बांधून ठेवा आणि गाईनं खाल्लं की टोपलं उचला.

इच्याबीन_बंड्या
१३ जुलै, रात्री १०:१४

बाप्पा. आत्ताच जाऊन पोतं बांधतो.

सडेतोड_शेतकरी
१४ जुलै, दुपारी १:००

इकडे कापसाला भाव नाही, मजुराच्या पोराला दूध नाही आणि चर्चा काय तर कुत्र्याची बिस्किटं. शहरी चोचले गावात आणू नका.

वावरवाली
१४ जुलै, रात्री ९:३०

भाऊ, रागावू नका, हिशोब सांगते. ग्लुकोजचा पुडा रोज पाच रुपये, महिन्याला दीडशे. दोन खेपा घरी केल्या तर ज्वारी-गहू घरचे, कोहळं सडणारच होतं, दोन अंड्यांचे चौदा रुपये आणि दळण. चोचले पुड्याचे होते, ते बंद करते आहे. राहिलं भावाचं, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली येते.

डॉक्टरसाहेब, थरथर नव्हती. नुसतं ओकणं. कुटासाठी मी निवडलेलेच दाणे घेतले होते. म्हणजे तुम्ही म्हणता ते टाकाऊ 'निवडलेले'. लाज वाटली वाचून.

वावरवाली
२७ जुलै, सकाळी ११:२०

झाली एकदाची! डवरणीमुळे पंधरा दिवस हात लागला नाही. शनिवारी उघाड मिळाली आणि बसले.

गोवऱ्या वरच्या फळीवरच्या, कोरड्या काढल्या. पळसाची पानं पोरानं आणली, बांधावरची, ओली. पीठ उकडून मळलं तर कोहळ्याच्या पाण्यानं सैल झालं. वर्ध्याच्या ताईंनी 'निथळलेलं' लिहिलं होतं, मी घाईत तो शब्द गिळला. मूठभर जाड कणीक वाढवली. छपरीच्या टोकाला आर केला. पहिले चार पानगे घाई करून काढले, मधोमध कच्चे. सासूबाई बाजेवरून पाहत होत्या, त्यांना राहवेना. उतरल्या, माझ्या हातातला चिमटा घेतला आणि तिथंच फतकल मारून बसल्या. आराच्या वर पालथा हात धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. दहापर्यंत हात राहिला तर आर थंड, पाचाच्या आत काढावा लागला तर तिखट, सहा-सातला पानगे टाकायचे. हे त्यांनी आयुष्यात कधी मला सांगितलं नव्हतं. रोडगे गावात पुरुषच करतात, मग या कुठं शिकल्या विचारलं तर म्हणे, "तुये सासरे करे तवा इस्तव कोन पाहे?"

पानं सोलताना पानाच्या शिरा पानग्यावर उमटलेल्या दिसल्या, नकाशासारख्या. तुकडे कापले, चाळणी, विटा, घमेलं, खालून खडा. रात्री दोन वाजता पावसाची सर आली, टिनावर आवाज झाला तशी मी उठून धावले. घमेल्यावर थेंब पडत होते, पण आत कोरडं. सकाळी एक तुकडा उचलून मोडला. वाकला नाही, कट्‌ करून तुटला. किराणा दुकानात नेऊन वजन केलं (दुकानदाराला वाटलं शंकरपाळे विकायला आणले), ४५० ग्रॅम. ताईंपेक्षा थोडी जास्त, पण माझी कणीकही जास्त होती.

आता भुऱ्या. पहिला तुकडा दिला. हुंगला, तोंडात धरला, चावला नाही. तसाच घेऊन परसात पऱ्हाटीच्या ढिगामागं गेला. मी मागं गेले तर पुढच्या पायांनी माती उकरून बिस्किट पुरत होता, वरून नाकानं माती लोटली, नाक शिंकरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी चोरून त्याची पेटी पाहिली. मग येऊन दुसरा मागितला. तो मात्र तिथंच खाल्ला. कडाकडा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

सासूबाईंनी एक चहात बुडवून पाहिला. "मीठ नाई यात," म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.

आता हे रात्री चार तुकडे खिशात घेऊन जातात. वावराचा एक फेरा झाला की एक.

रोडगेवाला
२७ जुलै, दुपारी १२:०५

हाताची युक्ती माया आजीची बी तेच होती! माताबाईले नमस्कार सांगा. डबा कुठं ठेवला?

वावरवाली
२७ जुलै, दुपारी १:३०

काचेच्या बरणीत, चुलीवरच्या फळीवर. तिथं ऊब असते. आठ दिवसांनी तुकडा मोडून पाहीन, कट्‌ वाजला नाही तर पुन्हा राखेवर.

मूळची_वर्ध्याची
२७ जुलै, दुपारी ४:१५

पळसाच्या पानाचा वास लागलेली बिस्किटं आमच्या राणीच्या नशिबी कुठली. कुटासाठी दाणे कोणते घेतलेत या वेळी?

वावरवाली
२७ जुलै, संध्याकाळी ६:००

चटणीसाठी काढलेले घेतले. खराब म्हणून निवडलेले नाही, ते टाकले.

धानाच्या_बांधीत
२८ जुलै, सकाळी ९:००

मोहफुलं बंद. तांदूळ आणि मासळीचे पानगे काल केले, पानं पळसाचीच. फुटले थोडे, पण कुत्र्यानं पानही चाटून साफ केलं. डॉक्टरसाहेब, दीड महिन्याचं पिलू आहे शेजारी, त्याला देऊ का?

गुराढोरांचा_डॉक्टर
२८ जुलै, रात्री ८:२०

कडक नको. तुकडा कोमट पाण्यात भिजवून लापशी करा, बोटभर द्या. त्याआधी जंताचं औषध दिलंय का विचारा.

वावरवाली
३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

तीन दिवस झड लागली होती. पऱ्हाटीच्या ढिगामागची माती वाहून गेली आणि भुऱ्यानं पुरलेलं ते बिस्किट फुगून वर आलं. लव धरली होती. भुऱ्या माझ्याबरोबरच तिथं पोचला. मी आधी उचललं, चुलीत टाकलं. सकाळपासून रुसून बसला आहे.